तीर्थन खोऱ्यातील नदी-अभ्यास व फ्लाय-फिशिंग शिबिर : विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, बंजारजवळून वाहणाऱ्या तीर्थन नदीच्या काठी आम्ही पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आठ दिवसांचे तंबू-शिबिर घेतो. एका तुकडीत बारा विद्यार्थी, आमचे तीन प्रशिक्षक आणि गुशैणी परिसरातील स्थानिक वाटाडे असतात. शिबिराच्या नावात मासेमारी असल्यामुळे पालकांच्या मनात प्रश्न येतात आणि ते रास्तच आहेत. म्हणून तेथे नेमके काय केले जाते व कशासाठी केले जाते, हे येथे सविस्तर सांगत आहोत.

फ्लाय-फिशिंगमध्ये गांडूळ किंवा कणकेची गोळी वापरत नाहीत. पिसे, केस आणि दोरा बारीक गळावर गुंडाळून पाण्यातल्या किड्यासारखी दिसणारी कृत्रिम माशी तयार करतात. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकता येत नाही. म्हणून येथे वजन दोरीलाच दिलेले असते आणि सुमारे नऊ फुटी लवचिक काठीने ती दोरी मागे-पुढे झुलवून माशीला अलगद पाण्यावर उतरवावे लागते. ही लय हातात बसण्यासाठी निघण्यापूर्वीचे दोन रविवार आम्ही पुण्यात मैदानावर सराव घेतो.

मात्र कोणत्या किड्याची नक्कल करायची हे नदीलाच विचारावे लागते, आणि शिबिराचा खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो. पहिले दोन दिवस कोणाच्याही हाती काठी दिली जात नाही. विद्यार्थी गुडघाभर पाण्यातले दगड हलकेच उचलून त्यांच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या अळ्या पाहतात, मोजतात, वहीत नोंदवतात आणि दगड होता तसाच परत ठेवतात. शेपटीला बहुधा तीन तंतू असलेली मेफ्लायची अळी, दोन तंतू असलेली स्टोनफ्लायची अळी आणि वाळूच्या कणांचे घर अंगाभोवती बांधणारी कॅडिसची अळी या तिघी ओळखता येऊ लागल्या की नदी वाचता येऊ लागते. स्टोनफ्लायला थंड आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. सांडपाणी मिसळू लागले की ती सर्वांत आधी नाहीशी होणाऱ्यांपैकी असते. ज्या विद्यार्थ्याने घराजवळची मुठा फक्त पुलावरून पाहिलेली असते, त्याला हे प्रत्यक्ष पाहायला मिळावे, ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

येथे एक गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. तीर्थनमधील ब्राउन ट्राउट हा मूळचा हिमालयातला मासा नाही; तो युरोपातून प्रथम काश्मीरमध्ये आणला गेला आणि १९०९ मध्ये त्याची अंडी काश्मीरहून कुल्लूत आणली गेली. येथला मूळ रहिवासी म्हणजे असला, अर्थात स्नो ट्राउट, जो नावाने ट्राउट असला तरी कार्प कुळातला आहे आणि आज आंतरराष्ट्रीय यादीत संकटप्रवण म्हणून नोंदलेला आहे. पाहुणा मासा यजमानाला कसा भारी पडू शकतो, याचे दुसरे उदाहरण थेट पुण्याशी जोडलेले आहे. दख्खनी महसीर, म्हणजे आपला खडशी मासा, ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतील नमुन्यांवरून शास्त्रात नोंदवला. पुढे लोणावळ्यात वाढवलेली त्याची बोटुकली सद्हेतूने कावेरीत सोडली गेली, आणि तेथला वशिंडाचा महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत या पाहुण्या माशाची गणना होते. आपल्या नदीत दुर्मीळ होत चाललेला मासा दुसऱ्या नदीत उपरा ठरू शकतो. मासे सोडणे म्हणजे संवर्धन, ही समजूत विद्यार्थ्यांनी तपासून पाहावी यासाठी एक संपूर्ण संध्याकाळ आम्ही या विषयाला देतो.

प्रत्यक्ष मासेमारी मत्स्य विभागाचा परवाना घेऊन, फक्त सकाळी आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेरच केली जाते. मेच्या सुरुवातीला वर रात्री बर्फ गोठते, त्यामुळे सकाळी पाणी कमी व नितळ असते आणि दुपारनंतर वितळलेले पाणी येऊन नदी वाढते व गढूळ होते. प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असतो. मासा लागल्यास हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो; त्याला पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतःहून निघेपर्यंत आधार द्यावा. मासा हातात उंच धरून छायाचित्र काढण्यास आमच्याकडे परवानगी नाही. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसवर गेले तर त्या दिवशी काठ्या गुंडाळून ठेवल्या जातात, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यानंतरही मरू शकतो.

दिवाळीच्या सुट्टीत शिबिर का घेत नाही, असे अनेक पालक विचारतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ब्राउन ट्राउटचा खडीत अंडी घालण्याचा काळ असून त्या काळात तेथे मासेमारीला बंदी असते. शिवाय त्या दिवसांत पात्रात नुसते चालण्यानेही खडीतली अंडी चिरडली जाऊ शकतात.

शेवटचे तीन दिवस ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर, रोल्लापर्यंतच्या पदभ्रमणासाठी आहेत. २०१४ मध्ये जागतिक वारसा स्थळ ठरलेल्या या उद्यानात मोनाल आणि जाजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान, या पक्ष्यांचा अधिवास आहे. प्रवेशाचे परवाने आम्ही काढतो. तंबू पाण्यापासून किमान ६० मीटर दूर असतात, साबण नदीत वापरला जात नाही आणि सर्व कचरा आम्ही परत आणतो. परतीच्या दिवशी लारजी येथील तीर्थन आणि सैंज नद्यांचा संगम दाखवला जातो. शेजारच्या सैंज नदीवर जलविद्युत प्रकल्प झाले. तीर्थन मात्र बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांच्या लढ्यामुळे मोकळी राहिली.

सुरक्षिततेबाबत आम्ही कोणतीही सवलत देत नाही. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात, थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. त्यामुळे धरणाखालच्या कोणत्याही पात्रात आमचा विद्यार्थी पाऊल टाकत नाही. तीर्थनवर धरण नसले तरी वर ढगफुटी झाल्यास पाणी काही मिनिटांत चढते. म्हणून पावसाळ्यात शिबिर होत नाही, आकाश भरून आले की सर्वांना काठावर घेतले जाते आणि मांडीच्या वर पाणी असलेल्या जागी कोणीही उभे राहत नाही. प्रशिक्षकाने बाहेर या म्हटल्यावर त्याच क्षणी बाहेर यायचे, ही अट विद्यार्थी व पालक दोघांनीही संमतिपत्रावर स्वाक्षरी करून मान्य करावी.

चंडीगडहून रात्रीच्या बसने औट बोगद्याच्या अलीकडे उतरून पुढे बंजारमार्गे गुशैणीला जीपने जायचे आहे. काठ्या, दोरी, माश्या आणि तंबू आमचे असतील. विद्यार्थ्याने लोकरीचे दोन थर, पावसाचा अंगरखा आणि रबरी तळव्याचे जुने बूट आणावेत. नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्याचे बूट चालणार नाहीत, कारण ते ओले राहतात आणि एका नदीतले शेवाळ व रोगजंतू दुसऱ्या नदीत नेतात. बूट कोणतेही असोत, निघण्याआधी ते धुऊन उन्हात पूर्ण वाळवलेले असावेत. ते आम्ही पुणे स्थानकावर तपासून पाहतो.