एका चेहऱ्याचे दोन मालक

आवडत्या गायिकेचा फोटो टी-शर्टवर किंवा मगवर छापून विकायचा, तर परवानग्या दोन लागतात: फोटो काढणाऱ्याची आणि फोटोत दिसणारीची. हे हक्क वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या भांडणांतून जन्मले. म्हणून एकाचा होकार दुसऱ्याच्या वतीने चालत नाही.

छायाचित्रकाराचा हक्क जुना. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सॅरोनींनी १८८२ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले आणि एका छापखान्याने त्यातल्या एकाच्या ८५,००० प्रती परस्पर छापल्या. कॅमेरा समोरचं नुसतं टिपतो, त्यात निर्मिती कसली, हा छापखान्याचा बचाव. वाइल्डला कसं बसवायचं, अंगावर काय, मागे पडदा कोणता, उजेड कुठून, हे सगळं सॅरोनींनी ठरवलं होतं. म्हणून १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोटोला कॉपीराइट असतो हे मान्य केलं. वाइल्डच्या चेहऱ्यावर वाइल्डचा काही हक्क आहे का, हा प्रश्नच तिथे आला नाही.

तो यायला वेळ लागला. पिठाच्या जाहिरातीवर न विचारता फोटो छापला म्हणून एक तरुणी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरली. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला. पण तो खासगीपणाचा कायदा होता आणि प्रसिद्ध माणसाची तक्रार निराळी असते: चेहरा दिसल्याची नव्हे, त्यावर दुसऱ्याने कमावल्याची. १९५३ मध्ये च्युइंगगमसोबत मिळणाऱ्या बेसबॉलपटूंच्या कार्डांवरून दोन कंपन्या भांडल्या, तेव्हा न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर कोणी कमवायचं हे ठरवण्याच्या हक्काला ‘राइट ऑफ पब्लिसिटी’ हे नाव दिलं. पुढे काही ठिकाणी तो मृत्यूनंतरही टिकू लागला. कॅलिफोर्नियात ही मुदत ७० वर्षं आहे.

छोट्या विक्रेत्याने नीट समजून घ्यावा असा खटला गायिका रिहानाचा. टॉपशॉप या ब्रिटिश कपडे-विक्रेत्या कंपनीने तिच्या फोटोचा टी-शर्ट काढला, तोही छायाचित्रकाराकडून रीतसर परवाना घेऊन. इंग्लंडमध्ये चेहऱ्यावरचा स्वतंत्र हक्क कायद्यात नाही. तरीही ग्राहकाला हा माल तिच्या संमतीचा वाटेल, या मुद्द्यावर (याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात) कंपनी २०१३ मध्ये हरली आणि २०१५ मध्ये अपिलातही हरली. मोफत परवान्याचे फोटो वापरणारेही इथेच फसतात. तो परवाना छायाचित्रकाराने दिलेला असतो, चेहऱ्याच्या मालकाने नाही. स्टॉक साइटवर (तयार फोटोंचे परवाने देणाऱ्या संकेतस्थळावर) ‘एडिटोरियल’ अशी खूण असलेला फोटो बातमी-लेखापुरता असतो, मालावर छापायला चालत नाही.

“मग स्वतःच्या हाताने चित्र काढू,” हा पुढचा मार्ग सुचतो. गॅरी सॅडेरप या चित्रकाराने ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाचं कोळशाने चित्र काढून टी-शर्टवर विकलं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य मान्य केलं, पण चित्रात हुबेहूब चेहऱ्यांपलीकडे स्वतःची भर दिसली नाही, म्हणून निकाल विरोधात गेला. मूर्ती, बाहुल्या यांनाही सूट नाही: दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्यांची विक्री दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदा ठरवली. शिवाय चित्र एखाद्या फोटोवरून काढलं, तर छायाचित्रकार पुन्हा हजर. लिन गोल्डस्मिथ यांच्या फोटोवरून चित्रकार अँडी वॉरहॉलने प्रिन्स या गायकाचं चित्र केलं होतं. ते मासिकाला परवान्याने देणं ‘फेअर यूज’च्या (काही वापर विनापरवानगी करू देणाऱ्या) सवलतीत बसत नाही, असं २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं. तीस टक्के बदललं की चित्र आपलं होतं, असा नियम कायद्यात कुठेही नाही.

‘फॅन-मेड, अनधिकृत’ ही पाटी फार तर ग्राहकाचा गैरसमज टाळते. कॉपीराइटच्या दाव्यात गैरसमजाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे तिथे ती निरुपयोगी. दहाच नग विकले म्हणूनही हक्कभंग पुसला जात नाही, भरपाईचा आकडा तेवढा बदलू शकतो. परवानगी मिळालीच, तर ती लेखी घ्यावी आणि तिच्यात वस्तू कोणती, नग किती, मुदत केवढी, विक्री कोणकोणत्या देशांत, हे चारही लिहून घ्यावं. टी-शर्टची परवानगी मगला लागू होत नाही.