ऑनलाइन पदवी नोकरीला चालत नाही?

‘ऑनलाइन पदवी म्हणजे नुसता कागद, सरकारी नोकरीला चालत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या नियमांनुसार मंजुरी असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. परीक्षाही देखरेखीखालीच होते. गोम निराळीच आहे: विद्यापीठ कितीही नामांकित असो, ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी त्याचे नाव यूजीसीच्या यादीत असावे लागते. म्हणून यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे सत्र, तिन्ही स्वतः जुळवून पाहा. एजंटच्या रंगीत माहितीपत्रकावर (ते फारच देखणे असते) विसंबू नका. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्यांना मात्र ऑनलाइन परवानगीच नाही. त्या कोणी घरबसल्या देऊ करत असेल, तर पैसे भरू नका.