७,५०० पाउंड ओढते म्हणजे काहीही लावा?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत हे फार चालतं, पिकअपच्या ब्रोशरमध्ये ७,५०० पाउंड टोइंग, म्हणजे ट्रेलर ओढायची क्षमता, लिहिलंय (फोर्ड रेंजरला टो पॅकेजसकट तेवढंच आहे) म्हणजे ६,००० पाउंडांचा कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) बिनधास्त लावायचा. असं नसतं हो. तो आकडा काढताना गाडीत सहसा ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर, प्रत्येकी १५० पाउंड, एवढंच धरतात. आपण निघतो सहकुटुंब, वर कूलर, कुकर, तांदळाची पिशवी.

खरी मर्यादा बघायची तर ड्रायव्हरचं दार उघडा, तिथे पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते त्यावर असतं, आणि ते तुमच्याच गाडीचं असतं, ब्रोशरमधल्या नाही. समजा १,३०० आहे. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार थेट हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या जोडावर, येतो, म्हणजे ६,००० चे ६०० ते ९००, आणि हे पेलोडमधूनच, म्हणजे स्टिकरवरच्या त्या १,३०० मधूनच, जातं! उरले ४०० ते ७००. त्यात चार माणसं, बेड कव्हर (मागच्या हौद्याचं झाकण), हिच... बसवा आता.

मग कोणीतरी सांगतंच, मागे एअरबॅग (सस्पेन्शनला लावायच्या हवेच्या पिशव्या) टाक. त्याने गाडीचं बूड वर येतं, दिसायला बरं दिसतं, पण अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक तेच, स्टिकरवरचा आकडा एका पाउंडानेही वाढत नाही. हिचवरचा भार कमी करायला ट्रेलरमधलं सामान मागे सरकवणं तर त्याहून वाईट, हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो. आणि ट्रेलरचं वजन रिकामं धरू नका, ४० गॅलन पाणी भरलं की तेच ३३० पाउंडांच्या वर जातं.