पार्श्वभूमी : चर्चाबंदीचा प्रस्ताव आला कुठून?

सभेत कोणीतरी उठून म्हणतं, ‘चर्चा पुरे, आता मत घ्या.’ हा प्रस्ताव सभाशास्त्रात इतका रुळलाय, की तो पहिल्यापासूनच असावा असं वाटतं. तसं नाही. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सच्या कामकाजाची नोंदवही १५४७ पासूनची आहे. पुढच्या शंभरेक वर्षांत तिथे घडत गेलेल्या प्रथा बोलण्याला शिस्त लावणाऱ्या होत्या : एका वेळी एकच विषय, बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, व्यक्तीवर घसरायचं नाही. चर्चा संपवायची कधी, हे सभासदांच्या तारतम्यावर सोडलेलं होतं.

ते तारतम्य १८८१ मध्ये आटलं. आयर्लंडला स्वयंशासन हवं होतं आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांच्या खासदारांकडे संख्याबळ नव्हतं. त्यांनी नियम मोडले नाहीत, उलट मन लावून पाळले. उपसूचना, तहकुबीचे प्रस्ताव, न संपणारी भाषणं, सगळं नियमात बसणारं. ग्लॅडस्टन सरकारने आयर्लंडमध्ये खटल्याविना अटकेत ठेवण्याचा अधिकार देणारं विधेयक आणलं, तेव्हा ३१ जानेवारीच्या दुपारी सुरू झालेली बैठक २ फेब्रुवारीची सकाळ उजाडली तरी चालूच. ४१ तासांहून अधिक! आणि वाद विधेयकावर नव्हे, ते मांडू द्यायचं की नाही यावर. अखेर अध्यक्ष हेन्री ब्रँड यांनी चर्चा तोडली आणि प्रस्ताव मतास टाकला. गंमत अशी, की तसा अधिकार देणारा नियमच नव्हता. नियमांच्या राखणदाराने आधी कृती केली. नियम झाला १८८२ मध्ये. १८८७ मध्ये त्यापुढची पायरी आली : अमुक वेळ झाली की उरलेली कलमं चर्चेविना मतास. तिला नावही शोभेसं मिळालं, गिलोटिन, म्हणजे मुंडकं छाटण्याचं यंत्र.

साध्या संस्थांच्या सभांसाठी हा प्रश्न सोडवला एका लष्करी अभियंत्याने. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डमध्ये हेन्री मार्टिन रॉबर्ट यांना चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक सांभाळावं लागलं आणि त्यांची फजिती झाली. त्यातून अभ्यास सुरू झाला. १८७६ मध्ये त्यांनी सभानियमांचं छोटं पुस्तक पदरच्या पैशाने छापलं, ४,००० प्रती. चर्चा थांबवायला त्यांनी साधं बहुमत पुरेसं मानलं नाही. दोन तृतीयांश मतं हवीत, असं ठरवलं. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. निम्म्याहून एक मत जास्त असलेल्यांना उरलेल्यांचं तोंड बंद करता येऊ नये.

अमेरिकी सिनेटची कथा उलटी. १८०६ मध्ये नियमांची साफसफाई करताना तिथे तात्काळ मतदान मागण्याची तरतूद फारशी वापरात नाही म्हणून गाळली गेली. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पण त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं सिनेटकडे चर्चा सक्तीने थांबवण्याचा मार्गच नव्हता. १९१७ मध्ये, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर, व्यापारी जहाजांवर शस्त्रं बसवण्याचं विधेयक काही सदस्यांनी बोलून बोलून अडवलं, तेव्हा दोन तृतीयांशांची अट घालून चर्चाबंदी आली. तरीही १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. १९७५ मध्ये अट शंभरांपैकी ६० मतांवर उतरली. आता बहुतेक वेळा कोणी उभं राहून बोलतही नाही. ६० मतं जमणार नाहीत एवढं दिसलं, की विधेयक अडतं.