पार्श्वभूमी : पेपरातला बँकर आणि कर्नलमधले लॉक

सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर आला की डेडलॉक, म्हणजे एकमेकांची वाट बघत सगळेच अडकून बसणं, टाळणाऱ्या बँकर्स अल्गोरिदमचं गणित घोटलं जातं. डायक्स्ट्रा यांची ही पद्धत सुंदर आहे, पण लिनक्स कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉकिंगमध्ये (सामायिक माहितीला एका वेळी एकालाच हात लावू देण्यात) ती कुठेच नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला जास्तीत जास्त काय लागेल, हे तिला आधी कळावं लागतं; फाइल उघडायला निघालेल्या सिस्टिम कॉलला (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीला) वाटेत कोणते लॉक घ्यावे लागतील, हे आधी कोण सांगणार?

डेडलॉकच्या चार अटी कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये मांडल्या. त्यांतली ‘हिसकावून घेता येत नाही’ ही अट कर्नलला मोडता येत नाही, कारण अर्धवट जोडलेल्या लिंक्ड लिस्टचा (नोंदींच्या साखळीचा) लॉक काढून घेतला तर लिस्टच तुटते. गळीत हंगामात अरुंद रस्त्यावर डबल ट्रॉलीचे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की मागे कुणालाच सरता येत नाही, तसंच हे. म्हणून मुख्य भर राहिला तो चक्राकार प्रतीक्षा (‘अ’ने ‘ब’ची आणि ‘ब’ने ‘अ’ची वाट बघणं) ही अट तोडण्यावर, म्हणजे लॉक घेण्याचा क्रम ठरवण्यावर.

१९९६ च्या लिनक्स २.० मध्ये हा प्रश्न जवळपास नव्हताच. अनेक प्रोसेसर आले, पण कर्नलला एकच ‘बिग कर्नल लॉक’. तो धरणारा थ्रेड (चालू असलेलं काम) तोच लॉक पुन्हा घेऊ शके आणि थ्रेड झोपला की प्रोसेसर कुणाला द्यायचा हे ठरवणारा शेड्युलर तो लॉक परस्पर सोडून देई. सोयीचं वाटलं, पण खरी मेख इथेच होती: मधेच लॉक सुटला हे कोड वाचून कळत नसे, आणि रेस कंडिशन (दोघांनी एकाच वेळी तीच माहिती बदलण्याची चूक) शिरे. लॉक बारीक करत करत, म्हणजे त्या एकाऐवजी अनेक छोटे लॉक आणत, बिग कर्नल लॉक पूर्ण जायला मे २०११, म्हणजे २.६.३९ उजाडलं.

लॉक बारीक झाले तसे क्रमाचे नियम वाढले. ते बहुतेक कॉमेंटमध्ये लिहिलेले. पाळले जातात का, हे बघणारं कुणी नव्हतं. २००६ मध्ये २.६.१८ सोबत इंगो मोल्नार आणि आर्यन व्हॅन द व्हेन यांचा लॉकडेप हा कर्नलमधलाच तपासनीस आला. तो एकेक लॉक नव्हे, तर लॉकचा वर्ग (एकाच जातीचे सगळे लॉक) पाहतो. एकदा ‘अ’ धरून ‘ब’ घेतला आणि नंतर कधीतरी ‘ब’ धरून ‘अ’ घेतला, की प्रत्यक्ष डेडलॉक झालेला नसतानाही इशारा छापतो. इंटरप्टची चूकही तो पकडतो: साधा स्पिनलॉक (मिळेपर्यंत प्रोसेसर जागीच फिरत राहतो असा लॉक) धरलेला असताना त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची हाक, आला आणि त्याला उत्तर देणाऱ्या हँडलरने तोच लॉक मागितला, तर प्रोसेसर कायमचा फिरत राहतो. तिथे इंटरप्ट बंद ठेवून लॉक घेणारा स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह हवा.

मात्र जो कोड चालतो, तेवढाच लॉकडेपला दिसतो. लॉक घ्यायचाच विसरला असेल तर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी २०२० च्या ५.८ मध्ये केसीसॅन हा रेस शोधणारा तपासनीस आला. आणि पहिला इशारा छापला की लॉकडेप स्वतःला बंद करतो. तेवढा दोष काढून मशीन रीबूट केल्याशिवाय पुढचा इशारा दिसणार नाही.