९५ टक्के नेमके कशाचे?

सोलापुरात बी. एस्सी.च्या वर्गाला विश्वास अंतराल, म्हणजे नमुन्यावरून साऱ्या रानाच्या खऱ्या सरासरीसाठी काढलेली खालची-वरची मर्यादा, शिकवताना मी ज्वारीचं उदाहरण घेतो. समजा, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीच्या पीक कापणीसाठी, म्हणजे थोडं पीक कापून उत्पादनाचा अंदाज घेण्यासाठी, १० बाय ५ मीटरचे १६ तुकडे आखले. दर तुकड्याला सरासरी ६ किलो धान्य निघालं, प्रमाण विचलन (तुकड्या-तुकड्यांतल्या फरकाचं माप) १.६ किलो. त्याला १६ च्या वर्गमुळाने भागलं की ०.४. टी-तक्त्यात १५ च्या (१६ वजा १) ओळीत ९५ टक्क्यांसाठी आकडा सापडतो २.१३१. दोन्हींचा गुणाकार ०.८५. तो ६ मधून वजा केला आणि ६ मध्ये मिळवला की अंतराल झालं ५.१५ ते ६.८५ किलो.

इथवर सगळ्यांना जमतं. मग हमखास प्रश्न येतो, "म्हणजे खरी सरासरी यात असण्याची शक्यता ९५ टक्के ना, सर?"

तसं नाही, आणि का नाही ते इतिहासात शिरल्यावर नीट कळतं. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने थोड्या नमुन्यांचं गणित मांडलं. आपला टी-तक्ता त्यातूनच आला. विश्वास अंतराल मात्र संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांचं. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत त्यांनी नमुना पाहणीवर निबंध वाचला, त्यात ही कल्पना होती. सविस्तर सिद्धांत आला १९३७ मध्ये. पाहणी पुन्हा पुन्हा केली, दरवेळी नवे तुकडे निवडले, तर त्यातून निघणाऱ्या अंतरालांपैकी ९५ टक्के खऱ्या सरासरीला गाठतील. ही ग्वाही पद्धतीची आहे. आपल्या हातातल्या ५.१५ ते ६.८५ ने तिला गाठलं असेल किंवा हुकवलं असेल, एवढंच. संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांना १९३४ च्या त्याच सभेत शंका आली होती, की हा 'विश्वास' म्हणजे विश्वासात घेऊन केलेली फसवणूक तर नव्हे? आजही विद्यार्थी तिथेच अडखळतात, म्हणून मला ती शंका फार मोलाची वाटते.

नेमन यांच्याकडे लंडनमध्ये शिकलेले एक मराठी संख्याशास्त्रज्ञ म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९३५ मध्येच त्यांनी नमुना पाहणीच्या सिद्धांतावर निबंध लिहिला. भारतात परतल्यावर त्यांनी पीक कापणीच्या पाहण्यांना यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारख्या) निवडीची बैठक दिली, आणि १९४० च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली: कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. कारण अगदी साधं आहे. तुकडा आखणाऱ्या दोरीला लागून उभं असलेलं ज्वारीचं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते नकळत आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्यात कडेचा वाटा जास्त.

हा दोष विश्वास अंतरालात दिसत नाही. १६ ऐवजी तसेच १,६०० तुकडे घेतले तर अंतराल आणखी अरुंद होईल, पण फुगलेल्या आकड्याभोवतीच. म्हणून कॅल्क्युलेटर काढण्याआधी मी मुलांना फळ्यावर दोरी काढायला लावतो, कडेच्या ताटांसकट.