पहिल्या रायफलवर ३-९×४०: एका शिफारशीची पार्श्वभूमी

अमेरिकेत हरणाच्या किंवा एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) हंगामासाठी पहिली रायफल घेणाऱ्याने स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, कोणता लावू असे विचारले, तर काउंटरमागचा माणूस आजही बहुधा ३-९×४० हेच उत्तर देतो, म्हणजे तीन ते नऊ पट मोठे दाखवणारा आणि ४० मिलिमीटर रुंद पुढच्या भिंगाचा स्कोप. रायफलीचे काडतूस .३०-०६ असो, .२७० असो की .३०८, उत्तर तेच. गेल्या वीसेक वर्षांत मात्र या उत्तराला उघड आव्हान मिळाले आहे. क्रॉसहेअर (नेम धरायच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा) फर्स्ट फोकल प्लेनमध्ये, म्हणजे स्कोपमधल्या पुढच्या जागी, हवे, टरेट (नेम सरकवायच्या गुंड्या) उघडे हवेत, मोजमाप मिल या कोनाच्या एककात हवे, असे नव्या पिढीचे नेमबाज सांगतात. हा वाद नवा वाटतो, पण त्यातला मुख्य मुद्दा, क्रॉसहेअर कुठे ठेवायचे हा, अमेरिकी बाजाराने १९५० च्या दशकाच्या अखेरीस एकदा निकालात काढलेला आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न संपतच गेला. मराठी माणसांपैकी तो आता उरला आहे तो अमेरिकेत राहून तिथला हंगामी परवाना काढणाऱ्यांपुरता.

अगदी जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. अमेरिकी यादवी युद्धात बंदुकीच्या नळीएवढ्या लांबीच्या दुर्बिणी रायफलींवर होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनी आणि ऑस्ट्रियात आजच्यासारखे आखूड स्कोप बनू लागले. पण ते महाग होते आणि अमेरिकेतला सामान्य शिकारी त्यांच्या वाटेला गेला नाही. कारण फक्त पैशाचे नव्हते. तिथल्या जंगलांत सर्वाधिक दिसणारी लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाजवळचा दांडा खाली ओढून भरायची) रायफल रिकामे काडतूस सरळ वर फेकत असे, म्हणजे नेमके स्कोप बसवायच्या जागी. या रायफलीच्या एका गाजलेल्या १८९४ च्या नमुन्यात काडतूस तिरके बाहेर पडण्याची सोय व्हायला १९८२ उजाडले. मॉझर आणि स्प्रिंगफील्ड जातीच्या बोल्ट रायफलींची (मागचा खिट्टीसारखा दांडा उचलून-ओढून भरायच्या) अडचण वेगळी होती. बोल्टचा दांडा उचलला की तो स्कोपला आपटे, आणि मागचा सेफ्टीचा पंखा उभा होताना स्कोपच्या बुडाला अडे. मग दांडा तापवून वाकवा किंवा कापून पुन्हा वेल्ड करा, सेफ्टी बदला, रिसीव्हरला (बोल्ट बसतो त्या पोलादी चौकटीला) भोके पाडून आटे काढा. स्कोप बसवणे हे बंदूक-कारागिराचे काम होते, गिऱ्हाइकाचे नव्हे.

१९३० मध्ये माउंटसकट (रायफलीवर बसवायच्या पकडीसकट) १९ डॉलरला मिळणारा एक स्कोप बाजारात आला आणि किंमतीची अडचण बरीच सुटली. पाऊण इंची नळी, जेमतेम अडीच-तीन पट मोठेपणा. त्याच घराण्यातला स्कोप दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी स्नायपर रायफलीवर चढला. युद्ध संपल्यावर शिलकी मॉझर आणि स्प्रिंगफील्ड स्वस्तात मिळू लागल्या, आणि स्कोपमधून नेम धरणे हे काही नाजूक माणसांचे खूळ नाही, एवढे तरी घरी परतलेल्या सैनिकांना माहीत झाले होते.

युद्धानंतरची खरी डोकेदुखी होती धुके. बाहेरचे नव्हे, स्कोपच्या आतले. थंडीतून उबदार तंबूत गेले आणि परत बाहेर आले की भिंगांच्या आतल्या बाजूला दमट वाफ धरे आणि सावज समोर असताना फक्त पांढरे दिसे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ओरेगनमधल्या, मुळात जमीनमोजणीची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीने नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायला सुरुवात केली. त्याच सुमारास टेक्सासमधल्या कारखान्यातून एक इंची नळीचे पोलादी स्कोप बाहेर पडू लागले. पुढची पंधरा-वीस वर्षे ‘पहिला स्कोप कोणता’ याचे उत्तर होते ठरीव चार पट. दाट झाडीत शिकार करणारा अडीच पट घेई. चार पटीत १०० यार्डांवर सुमारे ३० फूट रुंदीचा टापू दिसतो, आणि ३०० यार्डांवरचे हरीण त्यातून आरामात टिपता येते. माझे मत विचाराल तर मोडण्यासारखे काहीच नसलेला तो साधा चार पटीचा स्कोप लोकांनी फार लवकर टाकून दिला.

टाकून दिला तो व्हेरिएबलसाठी, म्हणजे मोठेपणा बदलता येणाऱ्या स्कोपसाठी. आजच्या भांडणाचे मूळ याच वळणावर आहे. पुढच्या भिंगातून आलेली प्रतिमा नळीत आधी उलटी पडते, ती पहिली जागा. मग मधली भिंगे ती सुलटी करतात आणि डोळ्याजवळ पुन्हा उभी करतात, ती दुसरी जागा. मोठेपणा बदलण्याचे काम ही मधली भिंगे करतात. क्रॉसहेअर पहिल्या जागी ठेवले तर प्रतिमेबरोबर तेही फुगते आणि आक्रसते. दुसऱ्या जागी ठेवले तर प्रतिमा कितीही मोठी झाली तरी रेघा डोळ्याला तेवढ्याच जाड दिसतात.

युरोपीय कारखानदारांनी पहिली जागा धरली आणि दशकानुदशके सोडली नाही. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. तिकडे रानडुकरावर बार टाकायचा तो मचाणावरून, अंधार पडता पडता, बऱ्याचदा चांदण्यात. अंतर थोडे, उजेड नावालाच. जाड खांबांचे रेटिकल (नेमाच्या रेघांची आकृती) मोठे होऊन आणखी ठसठशीत दिसले तर तिथे हवेच असते. हाकाऱ्याच्या शिकारीत मोठेपणा तळाला ठेवला तरी ते जाड खांब नजरेतून सुटत नाहीत.

अमेरिकेत सुरुवातीचे व्हेरिएबल याच पद्धतीचे होते आणि गिऱ्हाइके कुरकुरत होती. खालच्या पटीत क्रॉसहेअरचे बारीक केस सकाळच्या अंधुक उजेडात दिसेनात आणि वरच्या पटीत तेच केस दूरच्या प्राँगहॉर्नला (हरणासारख्या प्राण्याला) अर्धे झाकून टाकत. मध्याकडे निमुळते होत जाणारे केस वापरून यातून वाट काढण्याचाही प्रयत्न झाला. अखेर १९५० च्या दशकाच्या शेवटाला अमेरिकी कारखानदार एकामागून एक क्रॉसहेअर मागच्या जागी नेऊ लागले.

या निर्णयाला तेव्हा विरोध झाला आणि त्यात तथ्य होते. क्रॉसहेअर पुढे असले की मधली भिंगे जराशी हलली तरी प्रतिमा आणि रेघा एकत्र हलतात, नेम ढळत नाही. क्रॉसहेअर मागे नेले की भिंगांच्या सरकण्यातली प्रत्येक ढिलाई गोळीच्या जागेत दिसते. तीन पटीवर झिरो केलेली (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली) रायफल नऊ पटीवर इंच-दोन इंच बाजूला मारते, ही त्या काळच्या स्वस्त स्कोपांची खरी तक्रार होती. ‘व्हेरिएबलवर भरवसा नाही’ हे जुन्या शिकाऱ्यांचे पालुपद तिथून आले. कातकाम सुधारले तशी ढिलाई कमी होत गेली आणि तक्रार मागे पडली. पण निर्णय घेतला गेला तेव्हा ती सुटलेली नव्हती, हे विसरले जाते. गिऱ्हाइकाला बारीक आणि एकसारखी रेघ हवी होती, त्याला ती मिळाली. अचूकतेचा हिशेब नंतर जुळला.

त्याच वर्षांत आणखी एक सुधारणा झाली. तोवर झिरो करताना स्क्रू फिरवला की क्रॉसहेअर दृश्याच्या मध्यातून सरकून कोपऱ्यात जाई. आता ते कायम मधोमध दिसू लागले. १९६२ मध्ये बाहेर जाड आणि मध्यात बारीक असे रेटिकल आले, आणि ‘बारीक की ठळक’ हा वाद बहुतेकांपुरता मिटला. ७ मिमी आणि .३०० च्या नव्या मॅग्नम (जास्त जोराच्या) काडतुसांची तीच वर्षे, १९६२ आणि १९६३. मॅग्नमचा धक्का असा की डोळा स्कोपला फार जवळ नेला तर भुवईवर अर्धचंद्राकार खूण ठरलेली. त्यामुळे डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसावे, ही मागणी तेव्हापासून पक्की झाली.

३-९×४० हा साचा या सगळ्याच्या बेरजेतून बसला. नऊ पटीत टापू १४ फुटांवर येतो, पण ४० ला ९ ने भागले तरी डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत साडेचार मिलिमीटरच्या आसपास राहतो, संधिप्रकाशात चालेल इतका. वजन साधारण साडेतीनशे ग्रॅम. पुढचे भिंग फार मोठे नसल्याने स्कोप रायफलीच्या नळीलगत बसतो आणि गाल स्टॉकवरून (लाकडी दस्त्यावरून) उचलावा लागत नाही. रायफल २०० यार्डांवर झिरो करायची, किंवा १०० यार्डांवर दोन-तीन इंच वर मारेल अशी ठेवायची, टरेटवर टोप्या चढवायच्या आणि हंगामभर त्यांना हात लावायचा नाही. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी २०० यार्डांच्या झिरोवर ३०० ला आठ-नऊ इंच खाली जाते. पाठीच्या रेषेवर नेम धरला की काम होते. त्यापलीकडे नवशिक्याने बार टाकूच नये, हे त्या पद्धतीत गृहीत होते.

ही घडी १९९० च्या दशकात विस्कटली. हातात मावणारे लेसर रेंजफाइंडर सामान्य शिकाऱ्याच्या खिशाला परवडू लागले. तोवर अंतर हा अंदाज होता. १९६० च्या दशकात हरणाची छाती १८ इंच धरून दोन आडव्या रेघांत बसवायची आणि अंतर वाचायचे, अशा युक्त्यांचे स्कोप निघाले, पण ते व्हिएतनाममधल्या स्नायपरांच्या हाती जास्त गाजले. लेसरने ४१२ यार्ड असा नेमका आकडा दिला की त्या आकड्याचे काहीतरी करावेसे वाटते. मग गोळीच्या घसरणीच्या रेघा असलेली रेटिकल आली, आणि १९५० च्या दशकातला निर्णय पुन्हा अंगावर आला.

मागच्या जागी कोरलेल्या रेघा एकाच मोठेपणावर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत वरच्या. नऊ पटीवर ३०० यार्डांना ८ इंच दाखवणारी रेघ साडेचार पटीवर १६ इंच दाखवते. शिकाऱ्याने घाईत मोठेपणा बदलणारे कडे फिरवायचे विसरून तीच रेघ छातीच्या मध्यावर ठेवली, तर गोळी आठ इंच वर जाते. पाठीवरून निसटते किंवा त्याहून वाईट, पाठीला चाटून जाते. ही चूक पुढच्या जागेत होऊच शकत नाही, असे फर्स्ट फोकल प्लेनवाले म्हणतात, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत. ही पद्धत आता परतली ती युरोपातल्या मचाणावरून नव्हे, तर लष्करी आणि स्पर्धेतल्या नेमबाजीतून. मिलचे ठिपके १९७० च्या दशकाच्या अखेरच्या एका स्नायपर स्कोपमधले आहेत आणि तो स्कोप ठरीव दहा पटीचा होता, त्यामुळे क्रॉसहेअर कुठे ठेवायचे हा प्रश्न तिथे नव्हताच. व्हेरिएबलमध्ये ते ठिपके घातल्यावर तो उभा राहिला.

या परतीत जुनी कुरकुरही परत आली आहे, फक्त तिची चर्चा कमी होते. बारीक आकड्यांची जाळी तीन-चार पटीवर कोळिष्टकासारखी दिसते, आणि झाडीत चाळीस यार्डांवर उठलेल्या हरणावर तिचा मध्य शोधण्यात दोन सेकंद जातात. नवशिक्याचे बहुतेक बार याच अंतरातले असतात. उघडे टरेट पिशवीला घासून फिरतात. दूरच्या नेमबाजीसाठी बनवलेला ५-२५×५६ एकटाच किलोच्या घरात जातो, आणि डोंगर चढायचा असेल तर ते वजन सकाळी नाही तरी दुपारी कळतेच. त्यात ३० मिमी नळीचा गैरसमज आहे. जाड नळीने उजेड जास्त येतो असे विक्रेते सर्रास सांगतात. ती देते ती फिरवाफिरवीला जास्त जागा. उजेड पुढच्या भिंगावर आणि त्यावरच्या लेपावर ठरतो, आणि टरेट न फिरवणाऱ्याला ती जास्तीची जागा लागत नाही.

राज्यांचे नियमही या ओढाताणीत आले आहेत. कोलोराडोत नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या जुन्या धाटणीच्या बंदुकांच्या हंगामात स्कोप चालत नाही. आयडाहोमध्ये मोठ्या शिकारीची रायफल स्कोप आणि पट्ट्यासकट १६ पौंडांपेक्षा जड असता कामा नये, आणि रायफलीवर किंवा स्कोपमध्ये अंतर मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र चालत नाही. तेच यंत्र वेगळे, हातात धरलेले असेल तर चालते. म्हणून लेसर बसवलेला महागडा स्कोप घेण्याआधी परवाना कोणत्या राज्याचा काढायचा ते ठरवावे लागते. टोप्या चढवलेल्या ३-९×४० च्या मालकाला या दोन्ही राज्यांच्या रायफल हंगामात स्कोपपायी नियमावली उघडावी लागत नाही.